खांबावरचे टोले

६ मार्च, शुक्रवार

काल संध्याकाळी आमच्या रिक्षाची पुढची काच गेली. हूड उभं फाडलं. गल्लीच्या तोंडापासून पिंपळापर्यंत एक गाडी धड ठेवली नाही. दुचाकींवर पोरं आली, तोंडाला रुमाल, हातात कोयते. कुणाशी भांडण नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही. नुसती फोडत गेली. एक जण ओरडत होता, "आजपासून दापोडीत आपणच." आवाज फुटायच्या वयाचा होता.

अण्णा रिक्षा पुसत होते. एकाने कोयता त्यांच्या गळ्यापाशी धरला, दुसऱ्याने काच फोडली. अण्णा हलले नाहीत. मी वर गॅलरीत होतो, मीही हललो नाही.

जेवताना अण्णा म्हणाले, "माझ्या लेकापेक्षा लहान होता रे तो." नंतर ताट बाजूला सारलं.

आज कामात लक्ष नव्हतं. निघोज्याच्या कंपनीत मी दिवसभर पीस तपासतो. गेज बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट, मध्ये काही नसतं. आज रिजेक्टमधला एक पीस पासच्या ट्रेमध्ये गेला. सुपरवायझर म्हणाला, "काय मास्तर, झोप झाली नाही का?" दहावीनंतर आयटीआय अर्धं सोडलं, तरी अक्षर चांगलं म्हणून सगळीकडे मास्तरच.

७ मार्च, शनिवार

पंचनामा झाला. हवालदाराने विचारलं, कुणाला ओळखलं का. तेव्हा तात्या बोलले. गल्लीतल्या बहुतेक खोल्या तात्यांच्या, आम्हीही त्यांचेच भाडेकरू. मूळ गाववाले, त्यांच्या शब्दापुढे इथे कुणी जात नाही. म्हणाले, "आमच्यातच एक दिवा लागल्याला हाय. त्याला इचारा की."

दिवा म्हणजे विकी, समोरच्या खोलीतला (यापुढे वि.). मागे असल्याच तोडफोडीत सापडला होता, आत जाऊन आला. आता टेम्पोतून पाण्याचे जार पोचवतो. वि. म्हणाला, "साहेब, मी त्या वेळी कासारवाडीत जार उतरवत होतो. दुकानदाराला विचारा." त्यांनी फोन लावला, खरं निघालं. सोडून दिलं.

अण्णा त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच." वि. हसला. "काका, काचेचं काम ओळखीच्याकडून करून देतो, स्वस्तात." अण्णा त्याच्याकडे पाठ करून काचा वेचायला लागले.

८ मार्च, रविवार

दादाचा व्हिडिओ कॉल. थोरला भाऊ, फिटर. कंपनीने त्याला इंडोनेशियात सेमारंगला पाठवलंय, बंदराचं गाव. तो राहतो ती गल्ली फोन फिरवून दाखवली. आपल्यासारखीच, भिंतीला भिंत, दोऱ्यांवर कपडे. फक्त रस्त्यावर घोटाभर पाणी. आईने विचारलं, पाऊस का रे? तर म्हणे नाही, भरतीचं पाणी, समुद्र गल्लीत येतो आणि जातो. बायका त्यातूनच भाजी घेऊन येत होत्या. घरांचे उंबरे गुडघ्याएवढे उंच.

अण्णांच्या रिक्षाचं ऐकून म्हणाला, इकडे असं होत नाही. कोपऱ्यावर एक टपरीएवढी चौकी, तिथे पोकळ लाकूड टांगलेलं. चोर दिसला की भराभर टोले, सगळी गल्ली बाहेर. पकडला की चौकीत बसवायचा. गल्लीचा प्रमुख येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. "म्हणजे असं ठरलेलं आहे. एकदा लावलेला मी बघितलाय. ते जाऊ दे." आणि नवीन माणूस राहायला आला, अगदी पाहुणा जरी, तरी दिवसाच्या आत प्रमुखाला कळवायचं. दादा गेला त्या संध्याकाळी त्यालाही घरोघर तोंड दाखवायला नेलं होतं.

अण्णा म्हणाले, "नव्या नवरीसारखं." दादा हसला. बऱ्याच दिवसांनी घरात हसू.

९ मार्च, सोमवार

तात्यांच्या ओट्यावर बैठक. मी लाकडाचं सांगितलं. माझं बोलणं इतकी माणसं पहिल्यांदाच ऐकत होती. तात्या म्हणाले, "लाकूड कशापायी? लायटीचा खांब हाय की लोखंडाचा."

खांब आमच्या गॅलरीला चिकटून आहे, हात बाहेर काढला की लागतो. म्हणून काम माझ्याकडे आलं. पहिली शिफ्ट करून मी संध्याकाळी घरीच असतो. "आन् मास्तरची नजर बारीक. दिसभर पीसच बगतंय ते."

पुढचंही सांगणार होतो, पकडलेल्याला नुसतं बसवायचं, नवीन माणसाची खबर द्यायची. तोवर सगळे उठले, कुणी पाना आणायला, कुणी तार. म्हटलं नंतर सांगू.

मोठा पाना तारेने गॅलरीच्या गजाला बांधला. एकदा वाजवून बघितला. दात शिवशिवले.

११ मार्च, बुधवार

आज पहिल्यांदा वाजवला. दोन दुचाकी, हेल्मेट, गल्लीच्या तोंडाशी थांबून आत बघत होते. मी वाजवला आणि खाली जे झालं ते बघत राहिलो. बॅट, पहार, कपडे धुवायचं धोपाटणं. शेजारच्या मावशी मिरचीपूड घेऊन आल्या. अण्णांकडे टॉमी, रिक्षाचं चाक खोलायची लोखंडी दांडी.

ते दोघे जेवण पोचवणारे निघाले. पत्ता सापडत नव्हता. सगळे हसले. एकाला चहा दिला, तो त्याने उभ्याउभ्याच संपवला. जाताना गल्लीकडे पाठ न करता, मागे मागे सरकत गेला.

अण्णा वर आले तेव्हा चेहरा उजळलेला. आईला म्हणाले, "बघितलंस? अख्खी गल्ली." माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण खरं आहे.

१४ मार्च, शनिवार

काल लिहिता आलं नाही. अक्षर येत नव्हतं. आज कामावर गेलो नाही.

काल दिवेलागणीची वेळ. खांबावरचा दिवा अजून लागला नव्हता. गल्लीत एक माणूस शिरला, पायी. डोक्याला-तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, फक्त डोळे उघडे. काखेत गोणपाटात काहीतरी. भराभर चालत होता, इकडेतिकडे घरांकडे बघत, खोल्या मोजल्यासारखा. पिंपळापाशी गोणपाट घसरलं आणि पातं चमकलं. कोयता. नवी धार, लांबूनही कळत होती.

वाजवला.

खालून सगळे धावले. तो गोंधळला. पळाला नाही, हात वर केला. कोयत्याचाच हात वर केला. मग अण्णांची टॉमी त्या हातावर बसली. कोयता पडला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. अण्णांनी दुसरा घाव खांद्यावर घातला, तिसरा डोक्यावर. मग बाकीचे. बॅट, पहार, लाथा. पहारवाल्याला मी ओळखतो, माझ्याबरोबर शाळेत होता. तो मारताना मोजत होता.

मी वाजवतच होतो. का ते माहीत नाही. हात थांबत नव्हता. त्या माणसाचं उपरणं सुटलं होतं, तोंड उघडमीट होत होतं, काहीतरी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता आणि मागच्या खोल्यांकडे बोट करत होता. ऐकू येत नव्हतं. तारेतून पाना निसटून खाली पडला तेव्हा ऐकू आलं.

"खोली. माझी खोली."

तेव्हाही लगेच कुणी थांबलं नाही. वि. जारचा टेम्पो घेऊन आला, गर्दीत घुसला आणि त्या माणसावर आडवा पडला. त्याच्याही पाठीत बसले. तो ओरडला, "मेला ना रे तो. बास की." मग सगळे एकदम मागे झाले आणि आपापल्या हातातल्या वस्तूंकडे बघायला लागले. वि.ने एकट्याने त्याला उचललं, जारांच्या मध्ये ठेवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

खाली आलो तर फरशीवर कोयता. त्याच्या मुठीला खोबऱ्याचा कीस चिकटलेला.

अण्णा नळावर टॉमी धूत होते. दोनदा धुतली. पुसून रिक्षाच्या मागच्या सीटखाली, तिच्या जागेवर ठेवली. मला बघितलं.

१५ मार्च, रविवार

शहाळी विकणारा आहे. शिवप्पा. हायवेला हातगाडी लावतो. मंगळवारपासून तात्यांची मागची खोली भाड्याने घेतलेली, आमच्या गल्लीतच राहतो. पहाटे माल आणायला जायचा, अंधारात यायचा, कुणी बघितलाच नव्हता. कोयता लोहाराकडे धारेला टाकला होता, परवा तो घेऊन येत होता. सगळ्या खोल्यांना एकच निळा रंग. म्हणून मोजत चालला होता.

तात्यांना ठाऊक होतं. गल्लीला सांगितलं नाही, त्यांना सांगावंसं वाटलं नाही. परवा धावपळीत ते ओट्यावर उभे होते. म्हणतात, "उपरणं व्हतं, मला काय दिसतंय व्हय या डोळ्यांनी."

आणि मी. दादाने सांगितलं होतं, नवीन माणूस आला की घरोघर तोंड दाखवायचं. टोले तेवढे मी आणले, हे तिकडेच ठेवलं.

१६ मार्च, सोमवार

वि.ला धरलंय, आज कळलं. त्याच रात्री, दवाखान्यातूनच. शर्ट रक्ताने भरलेला, मागची केस, आणखी काय पाहिजे. शिवप्पा बेशुद्ध आहे, सांगणार कोण.

तात्या घरी आले. खुर्चीवर बसले नाहीत, उंबऱ्यावर टेकले. म्हणाले, "त्यो तसा बी आतलाच. त्याला सवय हाय. एक गेला तर गल्ली वाचती. खांब कुनी वाजिवला न्हाई, कुनी काय बगितलं न्हाई. व्हय ना रे मास्तर?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा काचेच्या दुकानाचं बिल घडी घालत होते, उलगडत होते.

"व्हय ना?"

आई म्हणाली, "तात्या, चहा घ्या."

१७ मार्च, मंगळवार

कामावर गेलो. गेज हातात धरलं की पान्याचं वजन आठवतं. बसमध्ये मोशीपासून डोळे मिटून बसलो, झोप नाही.

घरी आलो तर वि.च्या दारावर दगड. ज्यांनी शिवप्पाला मारलं तीच पोरं मारत होती. "गुंडाचं घर. गल्ली बदनाम केली." दाराचा वरचा कोपरा फुटलाय. सगळ्यात जोरात तो पहारवाला. दगड मारताना त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा राग होता. बहुतेक त्याला आता तसंच वाटतं, की वि.नेच मारलं.

वि.ची आई, शालनकाकू, आतून बाहेर आली. दगड थांबले. ती पोरांकडे बघत नव्हती. वर, आमच्या गॅलरीकडे.

"मास्तर, तू वर होतास ना रे?"

मी आत आलो. कपाटाचं दार उघडलं, काही घ्यायचं नव्हतं, बंद केलं.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

गुढी आईने उभारली. दरवर्षी काठी अण्णा बांधतात. आज म्हणाले, "तू बांध." काठी हातात घेतली नाही.

शिवप्पाची बायको, बातमी कळल्यावर गावाहून आलेली, मागच्या खोलीत एकटी आहे. महादेवी. दिवसा दवाखान्यात, संध्याकाळी परत. आमच्याच नळावर पाणी भरते. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं तो जारवाला मारणारा, पकडला गेला, आणि बाकीची गल्ली देवमाणसांची.

आईने वाटीत श्रीखंड आणि चार पुऱ्या नेऊन दिल्या. मी म्हटलं, कशाला. आई म्हणाली, "सणाच्या दिवशी शेजारी उपाशी ठेवू?" आवाज चिरका होता.

तासाभराने ती वाटी परत द्यायला आली. वाटी घासलेली, लखलखीत. रिकामी कशी द्यायची, म्हणून दुसऱ्या हातात एक शहाळं. "अक्का, तेवढंच राहिलंय गाडीवर. तुमच्या मालकाला द्या. तोंड किती उतरलंय त्यांचं. त्यांना बरं नाही का?"

अण्णा आत पानावर बसले होते. हातातली पुरी ठेवली आणि उठले. आई ओरडली त्यांच्यावर, सणाचं ताट टाकून उठायचं नसतं. ते खाली जाऊन रिक्षात बसले, पडदे सोडून.

शहाळं ओट्यावर आहे. फोडायला घरात काही नाही, असं आई म्हणाली.

२१ मार्च, शनिवार

दादाला सगळं सांगितलं. मागे त्या गल्लीतल्या बायकांचे आवाज, पाण्यात पाय टाकल्याचे. मग म्हणाला, "नवीन माणसाचं सांगितलं होतं ना मी तुला?"

"हो."

"मग?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

म्हणाला, गप्प राहा, अण्णांचं वय बघ. आत गेले तर आई उभी राहणार नाही. वि.चं वय आहे, तो निघेल त्यातून. मी विचारलं, तू तिकडे एकाला मारताना बघितलंस म्हणालास, त्याचं काय झालं? म्हणाला, "मेला. त्याची बायको अजून तिथेच राहते. घरासमोर कुंड्या आहेत. मी दुसऱ्या बाजूने जातो, तिकडे पाणी जास्त असतं तरी."

नंतर रेंज गेली का त्याने ठेवला, कळलं नाही.

२२ मार्च, रविवार

अण्णांनी आज आईवर हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. कारण काहीच नाही, तिने नुसतं म्हटलं की ते शहाळं वाळायला लागलंय. हात वर गेला आणि तिथेच राहिला. उजवा हात. तिघेही त्या हाताकडे बघत होतो. मग त्यांनी तो हळूच खाली आणला, जणू दुसऱ्या कुणाचा आहे, आणि मांडीखाली घालून बसले.

२३ मार्च, सोमवार

शिवप्पाला शुद्ध आली. बोलता येत नाही. उजवा हात जागचा हलत नाही. महादेवी नळावर आईला सांगत होती आणि हसत होती, कारण त्याने डोळ्यांनी तिला ओळखलं. "हात गेला तर गेला अक्का. मी फोडीन की शहाळी. शिकेन."

दुपारी पोलीस चौकीतून फोन. मला. शालनकाकूने सांगितलंय की मी वर होतो, खांब मी वाजवला, मी सगळं बघितलं. उद्या सकाळी जबाबाला या.

तात्यांचा निरोप तासाभरात आला, पहारवाल्याबरोबर. तो दारात उभा राहून म्हणाला, "तात्या म्हणतात खोलीचा करार संपत आलाय तुमचा." मग स्वतःचं जोडलं, माझ्या शर्टची कॉलर नीट करत, "भावा, तुझे दोन्ही हात चांगले आहेत अजून. बारीक काम करतोस ना तू?"

अण्णांनी ते ऐकलं. कॉटवर पडून होते, भिंतीकडे तोंड. मी वाट बघितली. ते म्हणतील, सांगू नको. किंवा म्हणतील, सांग. काहीही म्हणाले असते तरी सोपं झालं असतं.

२४ मार्च, मंगळवार

सुट्टी टाकली. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट. आईने कपाळाला अंगारा लावला, परीक्षेला जाताना लावायची तसा. मी विचारलं, "आई, काय सांगू?" ती म्हणाली, "मला नको विचारू. माझं दोन्हीकडून जातं."

गॅलरीत गेलो. पाना तेव्हाच कुणीतरी उचलून नेला, गजाला नुसती तार आहे. खाली समोर शालनकाकू दाराच्या फुटक्या कोपऱ्याला पुठ्ठा लावत होती. महादेवी डबा घेऊन दवाखान्याला निघाली, जाताना वर बघून हात केला. मीही केला.

अण्णा म्हणाले, "चल. सोडतो मी चौकीला." एवढंच. दाढी केलीय, गणवेश घातलाय, बिल्ला लावलाय. रिक्षाला नवी काच आहे, तिच्यावरचा कागद अजून काढलेला नाही.

मी म्हटलं, चालत जातो. जवळच आहे.

"बस म्हणतो ना."

आता खाली रिक्षा सुरू आहे. हे उभ्यानेच लिहितोय. मी मागे बसणार, सीटखाली टॉमी असणार. काल रात्री त्यांनी ती काढून कुठे टाकली नाही, मी बघितलं. आज सकाळीही नाही. उलट सीट उचलून, आहे ना, ते बघितलं आणि परत बसवली. ती मला दाखवायला ठेवलीय की चौकीला, हे त्यांनी सांगितलेलं नाही.

हॉर्न वाजला. दोनदा.